पाण्यावरची दुडकी चाल

मराठीच्या प्राध्यापकाने मासे धरण्याच्या गळावर लेख लिहावा, आणि तोही दिवाळी अंकात, चिवडा-चकलीच्या बशीशेजारी ठेवून वाचला जाणार हे ठाऊक असताना, याला काय म्हणावे? आमच्या विभागातल्या एका सहकाऱ्यांनी ‘हे म्हणजे कीर्तनकाराने ढोलकीवर व्याख्यान देण्यासारखे आहे’ असे म्हणून टाकले. मला तसे वाटत नाही. इंग्लंडातल्या गळवाल्यांच्या तोंडी जितके नेमके शब्द मी ऐकले तितके साहित्य संमेलनांच्या मांडवातही क्वचितच ऐकले आहेत. शिवाय आधीच सांगून टाकतो, या लेखात एकही मासा शिजत नाही. तेव्हा शाकाहारी वाचकांनी पान उलटायचे कारण नाही.

इंग्रजांनी गोड्या पाण्यातल्या माशांतही वर्ण पाडले आहेत. सामन आणि ट्राउट हे ‘गेम’, म्हणजे खानदानी मासे. उरलेले जवळजवळ सगळे ‘कोर्स’, म्हणजे जाडेभरडे. रोच, डेस, चब, गजन ही या जाड्याभरड्यांतली मंडळी, आपल्या रोहू-कटल्याच्याच मोठ्या गोतावळ्यातली. खानदानी मासे जमीनदारांच्या वाट्याला गेले आणि नॉटिंगहॅम, शेफील्डसारख्या गावांतल्या कामगारांनी रविवारच्या सुट्टीत या जाड्याभरड्यांवर समाधान मानले. पण समाधान मानता मानता त्यांनी त्याचे असे काही शास्त्र बनवले, की खानदानी मंडळींनी तोंडात बोट घालावे. त्या शास्त्रातला सर्वांत देखणा अध्याय म्हणजे ‘ट्रॉटिंग’.

घोडा धड चालतही नाही आणि चौखूर उधळतही नाही, अशा मधल्या चालीला इंग्रजीत ट्रॉट म्हणतात. आपली दुडकी चाल. काठावर उभे राहून फ्लोट प्रवाहात सोडायचा आणि त्याला पाण्याबरोबर वीस-तीस यार्ड दुडक्या चालीने जाऊ द्यायचे, मग दोरा गुंडाळून परत आणायचा आणि पुन्हा सोडायचा, एवढाच हा खेळ. फ्लोट म्हणजे गळाच्या दोऱ्याला बांधलेला तरंगता तुकडा. तो बुडाला की समजायचे, खाली कोणीतरी आमिषाला तोंड लावले. कऱ्हाडला लहानपणी कृष्णेच्या घाटावर आम्ही ज्वारीच्या ताटातला भेंड वापरत होतो आणि त्याला नुसते ‘भेंड’च म्हणत होतो. कधी मोरपिसाचा देठ मिळाला तर ती चैन.

आता यात अवघड ते काय, असे आपण विचाराल. अवघड हे, की नदीचे पाणी सगळ्या खोलीवर एकाच वेगाने वाहत नाही. वरचा थर पळतो. तळाचा थर खडीला आणि पाणगवताला घासत रेंगाळतो. मासे असतात तळाशी आणि फ्लोट असतो वर. फ्लोट वरच्या पाण्याच्या वेगाने पळाला, तर त्याच्यामागे फरफटत जाणारी अळी तळाच्या पाण्यातून सुटलेल्या गाडीसारखी धावते. आजूबाजूच्या साऱ्या अळ्या संथ वाहत असताना एकटीच धावणारी अळी माशाला संशयास्पद वाटते, आणि वाटावीही. म्हणून फ्लोटला जाता जाता किंचित मागे धरायचे, इतके की आमिष त्याच्या थोडे पुढे, तळाच्या वेगाने जाईल. पण इतके नाही की फ्लोट वर उचलला जाऊन आडवातिडवा होईल. कोणता फ्लोट, कोणती काठी, दोऱ्यावर किती वजन, ही सारी निवड या एका गोष्टीसाठी असते.

हे सारे मी शिकलो ते माझे थोरले बंधू अण्णा यांच्याकडून. अण्णा माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे. 1994 साली नोकरीनिमित्त इंग्लंडात गेले आणि रेडिंग गावी स्थायिक झाले. कऱ्हाडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात. रेडिंगला केनेट नदी टेम्सला मिळते. संगमावर वाढलेला माणूस फिरून संगमावर गेला, एवढाच काय तो योगायोग. केनेट ही खडूच्या डोंगरांतून झरणारी, मार्लबरो, हंगरफर्ड, न्यूबरी अशी गावे घेत येणारी नदी आहे. रेडिंगमध्ये ती ज्या तुरुंगाला खेटून वाहते त्यात ऑस्कर वाइल्ड दोन वर्षांच्या शिक्षेतला मोठा काळ होता. आमच्या अण्णांना वाइल्डचे काही नाही. तुरुंगाच्या भिंतीखाली एके काळी चब मासे चांगले लागत, एवढेच ते सांगतात.

फेब्रुवारी 2023 मध्ये अण्णांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, बोलणे वाचले, पाय महिनाभरात चालू लागला. उजवा हात तेवढा रुसला. बोटे मिटत, पण उशिरा. कप धरता येई, बटण लावता येत नसे. मी उन्हाळी सुट्टीत, मेच्या पहिल्या आठवड्यात तिकडे गेलो. अण्णा खिडकीशी बसलेले. समोर एक जुना बिस्किटांचा पत्र्याचा डबा, हंटले अँड पामर कंपनीचा. ही बिस्किटे कधी काळी रेडिंगमध्येच, केनेटच्या काठी होत असत. डब्यात सगळे फ्लोट. ते एकेक डाव्या हाताने उचलत, पाहत आणि परत ठेवत.

वहिनींनी मला स्वयंपाकघरात नेऊन सांगितले, “भावोजी, सगळं विकून टाकायचं म्हणतात. काठ्या, रीळं, सगळं. तीस वर्षं मी त्या अळ्यांना शिव्या घातल्या, पण आता ते असं म्हणाले की माझ्या पोटात गोळा येतो.”

अळ्यांचा खुलासा करतो. या खेळातले नेहमीचे आमिष म्हणजे माशीच्या पांढऱ्या अळ्या. त्या दुकानात मापाने विकत मिळतात, आणि उष्णतेने त्यांचे कोष होऊ नयेत म्हणून फ्रीजमध्ये ठेवाव्या लागतात. आमच्या वहिनी सोवळ्यातल्या घरच्या. श्रीखंडाच्या शेजारी वळवळणारी डबी पाहून त्या बाईने पहिल्या वर्षी काय सोसले असेल, याची कल्पना वाचकभगिनींना येईल. दुसरे लोकप्रिय आमिष म्हणजे शिजवून फुटलेले भांगेचे बी. रोच माशाला ते फार आवडते. त्याबद्दल मात्र वहिनींची तक्रार नव्हती; भांग निदान महादेवाला तरी चालते.

इंग्लंडातल्या नद्यांवर 15 मार्च ते 15 जून जाड्याभरड्या माशांना गळ टाकायला बंदी असते, विणीचा हंगाम म्हणून. 16 जूनला नद्या खुल्या होतात. माझे परतीचे तिकीट 20 जूनचे होते. म्हणजे आमच्या हातात तयारीचे सहा आठवडे होते आणि नदीचे चार दिवस. अण्णांना मी नदीवर न्यायचेच, असे मनाशी ठरवले; आणि मग प्रश्न उभा राहिला तो हा, की एका हाताच्या माणसाने कोणती काठी घ्यावी आणि कोणता फ्लोट.

आधी रिळाचे सांगतो, कारण ते सर्वांत लवकर सुटले. हल्लीचे सर्रास मिळणारे रीळ वापरायचे तर एका हाताच्या बोटाने दोरा अडवून धरायचा, दुसऱ्या हाताने तारेची कमान उघडायची आणि मिटायची, अशी कसरत असते. दोन्ही हातांची बोटे चपळ लागतात. पण ट्रॉटिंगचे खरे रीळ जुनेच आहे. मधल्या आसावर मोकळी फिरणारी एक चकती, बस. त्याला सेंटरपिन म्हणतात. नॉटिंगहॅमच्या ट्रेंट नदीवर ते पूर्वी लाकडाचे असे. पुढे रेडिच या सुया आणि गळ बनवणाऱ्या गावात त्याचे हलके, तारांच्या आऱ्यांचे रूप निघाले. फ्लोट प्रवाहाबरोबर निघाला की तोच ही चकती फिरवतो आणि आपला दोरा आपण ओढून घेतो. माणसाने करायचे ते एवढेच, की काठी धरलेल्या त्याच हाताचा अंगठा चकतीच्या काठावर हलकेच टेकवायचा. अंगठा म्हणजे लगाम. दाब दिला की फ्लोट थबकतो, उचलला की दुडकू लागतो. याने लांब फेक करणे अवघड जाते, हे खरे. पण काठापासून दीड-दोन काठ्यांच्या अंतरावर फ्लोट सोडायचा तर फेकायचे कशाला? काठीने नुसता झोका दिला की पुरते. अण्णांचे सेंटरपिन उजव्या हाताचे होते. ते उलटे बसवून, सगळा दोरा सोडून, उलट बाजूने गुंडाळून घेतला, आणि ते डावरे झाले.

काठीने मात्र आम्हाला रडवले.

आपल्याला वाटते, लांब काठी ती लांब फेकण्यासाठी. ट्रॉटिंगमध्ये तसे नाही. काठीचे टोक आणि फ्लोट यांच्यामधला दोरा पाण्यावर पडला की प्रवाह त्याचा धनुष्यासारखा बाक करतो आणि तो बाक फ्लोटला बाजूला ओढतो. लांब काठीने दोरा पाण्याच्या वर उचलून धरता येतो, पडलाच तर उचलून वरच्या अंगाला ठेवता येतो. म्हणून या खेळाची ठरलेली काठी तेरा फुटांची. मोठ्या नद्यांवर लोक चौदा-पंधरा फुटीही वापरतात.

या काठीच्या लाकडाचा इतिहास आमच्या हिंदुस्थानाला एका बाजूने शिवून जातो. एके काळी ती दक्षिण अमेरिकेतून आणलेल्या ग्रीनहार्ट नावाच्या जड लाकडाची असे. मग बांबू उभा चिरून, त्याच्या पट्ट्या तासून, षट्कोनी चिकटवून काठी करण्याची कला निघाली. 1840च्या दशकात अमेरिकेत सॅम्युअल फिलिप या कारागिराने अशा काठ्या केल्या, त्या ‘कलकत्ता केन’च्या, म्हणजे कलकत्ता बंदरातून जाणाऱ्या आपल्याकडच्या बांबूच्या. पुढे चीनमधल्या टोंकिन बांबूने त्याला मागे सारले. दुसऱ्या महायुद्धानंतर काचतंतू आला. आणि 1963 साली फार्नबरो येथल्या विमान संशोधन संस्थेत विमानांसाठी कणखर कार्बनतंतू तयार झाला, तो वीस वर्षांच्या आत गळवाल्यांच्या हातात पोचला. आज तेरा फुटी कार्बनची काठी दीडशे ते दोनशे ग्रॅम भरते. बांबूची त्याच्या दुपटीच्या घरात जाते. अण्णांकडे चिरीव बांबूची एक होती, मधासारख्या रंगाची. तिचे सौंदर्य मी नाकारत नाही, पण तिला हात लावायचा प्रश्नच नव्हता.

दीडशे ग्रॅम म्हणजे काय, दोन केळ्यांचे वजन. कोणालाही पेलावे. पण हे वजन हाताशी नसते, तेरा फुटांवर पसरलेले असते. लांब झारा टोकाकडून धरून त्यात पाण्याचा पेला ठेवून पाहा, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल. म्हणून छापील वजनावर काठी घेऊ नये. रीळ लावून हातात धरावी, रिळाच्या पुढे एखाद्या बोटावर तोलून पाहावी. टोकाकडे झुकली तर ती हलकी असूनही जड आहे. पुष्कळदा जरा वजनदार रीळ लावले की तीच काठी सुतासारखी सरळ होते, कारण मागचे वजन पुढच्याला सावरते. दुकानदार भला माणूस होता. त्याने आम्हाला घड्याळ लावून काठ्या धरून बघू दिल्या. अण्णा दुकानाच्या मधोमध डाव्या हाताने काठी धरून उभे आणि मी मिनिटे मोजतोय, असा तो प्रकार. चौदा फुटी दोन मिनिटांत खाली आली. तेरा फुटीला सहा मिनिटे. मग अकरा फुटी घेतली. ती दहा मिनिटेही सहज राहिली. मी म्हटले, हीच घेऊ.

“आखूड आहे,” अण्णा म्हणाले. “दोरा पाण्यात लोळेल.”

“पण हात दुखणार नाही.”

“हात न दुखण्यासाठी नदीवर जायचं तर घरी काय वाईट आहे?”

शेवटी बारा फुटीवर तडजोड झाली. तिच्यातही दोन जाती होत्या. एक फक्त शेंड्याला वाकणारी, दुसरी बुडख्यापर्यंत कमानदार वाकणारी. डेस मासा आमिष तोंडात घेऊन क्षणात थुंकतो, त्याच्यासाठी शेंड्याला वाकणारी चटपटीत काठी चांगली. पण तिच्यावर मोठा मासा लागला तर बारीक दोरा तटकन् तुटतो. कमानदार काठी तो झटका स्वतः गिळते. अण्णांचा डावा हात नवशिका. तो झटका जास्त देईल की उशिरा देईल याचा नेम नव्हता. कमानदार घेतली. माझ्या मते नवशिक्याने आणि म्हाताऱ्याने नेहमी हीच घ्यावी. चटपटीत काठीचे कौतुक स्पर्धावाल्यांना राहू द्यावे.

आता फ्लोट. या विषयात मी रंगलो याची जाणीव मला आहे, आणि वाचकांनीही थोडे रंगावे अशी विनंती आहे.

डब्यात फ्लोट शंभरावर होते. उपयोगाचे म्हणाल तर चार जातींचे. पहिला ‘स्टिक’. अगरबत्तीपेक्षा जाड, वीतभर, वरचा भाग बाल्सा या हलक्या लाकडाचा आणि खालचा वेताचा किंवा जड लाकडाचा. हलके डोके आणि जड पाय, त्यामुळे मागे धरले तरी तो उलथत नाही, पाण्यात रुतून राहतो. संथ ते मध्यम प्रवाहासाठी, काठाजवळ, याच्यासारखा दुसरा नाही. दुसरा ‘एव्हन’. याचे पोट मोठे आणि ते वरच्या अंगाला, वर बारीक शेंडा. वेगाच्या आणि खोल पाण्यात जास्त वजन उचलतो. हॅम्पशरमधल्या एव्हन नदीवरून हे नाव पडले. येथे माझ्यातला भाषेचा मास्तर गप्प बसत नाही: ‘एव्हन’ या शब्दाचा जुन्या केल्टिक भाषेतला अर्थच नदी असा आहे, आणि भाषाशास्त्रज्ञ त्याचे नाते आपल्या संस्कृत ‘अप्’शी जोडतात. तेव्हा ‘एव्हन नदी’ म्हणजे ‘नदी नदी’.

तिसरा ‘लोफर’. नावाप्रमाणे आडदांड, जाड, बुटका. खळाळत्या उथळ पाण्यात पावाचा मोठा तुकडा घेऊन उसळ्या मारत जाणारा. आणि चौथा ‘वॅगलर’. वरचे तिन्ही दोऱ्याला वर आणि खाली अशा दोन ठिकाणी रबरी नळीने बांधतात. वॅगलर फक्त खालच्या टोकाला अडकवतात, म्हणजे दोरा पाण्याखालून जातो आणि वारा त्याला धरू शकत नाही. लांबवर टाकायचे असेल किंवा वारा वाईट असेल तेव्हा हा. चांगला वॅगलर अजूनही मोरपिसाच्या देठाचा करतात. सरळ, पोकळ नाही पण बुचासारखा हलका, पाणी न पिणारा. कऱ्हाडच्या घाटावरची आमची चैन इंग्लंडच्या डब्यात पाहून मला गंमत वाटली. अण्णांसाठी इथून मूठभर पिसे नेली असती, पण मोराची पिसे देशाबाहेर पाठवायला आपल्याकडे बंदी आहे, त्यामुळे तो विचार मनातच राहिला.

फ्लोटच्या शेंड्याचा रंग ही थट्टा नव्हे. झाडांच्या सावलीतल्या काळोख्या पाण्यावर तांबडा किंवा पिवळा शेंडा दिसतो. आभाळ चकाकणाऱ्या रुपेरी पाण्यावर तोच शेंडा विरघळून जातो आणि तेथे काळा लागतो. साठीकडे झुकलेल्या डोळ्यांनी हे आधी पाहावे.

फ्लोटला किती वजन लागेल ते त्याच्यावरच लिहिलेले असते. पाच-चार म्हणजे चार नंबरच्या पाच गोळ्या. या गोळ्यांचे नंबर उलटे चालतात: आकडा मोठा तशी गोळी लहान. चार नंबरची एक गोळी ग्रॅमच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास, आठ नंबरची खसखशीसारखी. पूर्वी सगळ्या शिशाच्या असत. काठावर सांडलेल्या गोळ्या टेम्सवरचे राजहंस खडे समजून गिळत आणि शिशाच्या विषाने मरत. 1987 पासून अगदी बारीक सोडून शिशाच्या गोळ्यांवर बंदी आली आणि हंस पुन्हा वाढले. कायदा केला आणि तो पाळला गेला, याचे त्यांना विशेष वाटत नाही, मला वाटले. स्टिकखाली या गोळ्या शर्टाच्या गुंड्यांसारख्या सारख्या अंतराने लावतात, साधारणपणे खोलीच्या दर फुटाला चार नंबरची एक, म्हणजे आमिष सावकाश, खऱ्या अळीसारखे खाली उतरते. एव्हनखाली बहुतेक वजन एके ठिकाणी, गळाच्या वर दीड-दोन फुटांवर लावतात, म्हणजे ते वेगाच्या पाण्यातून झटकन तळ गाठते. शेवटी फ्लोटचा शेंडा वाटाण्याएवढाच वर दिसला पाहिजे. जास्त उंच राहिला तर माशाला ओढताना जड लागतो आणि तो सोडून देतो.

दोरा आणि गळ यांचे दोन शब्दांत: मुख्य तंगूस तीन पौंडांचा, गळाजवळचा हातभर दोन पौंडांचा, म्हणजे कुठे अडकलेच तर गळ जातो, फ्लोट वाचतो. गळ अठरा नंबरचा, आकड्याला दाते नसलेला, म्हणजे माशाच्या तोंडातून अलगद निघतो. मासे सगळे परत सोडायचे, हे तिथे गृहीतच असते. एकदा वहिनींनी विचारले होते, “सोडायचेच तर धरता कशाला?” अण्णा म्हणाले होते, “गावस्कर धावा काढून घरी नेत होता का?”

महिनाभर आम्ही घरामागच्या हिरवळीवर एक बादली ठेवून, गळ काढलेला फ्लोट काठीच्या झोक्याने तिच्यात टाकण्याचा सराव केला. पहिल्या दिवशी पन्नासांत दोन. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पन्नासांत एकतीस. शेजारचे मांजर रोज येऊन बसू लागले.

16 जून 2023, शुक्रवार. इंग्लंडात त्या वर्षीचा जून नोंदी सुरू झाल्यापासूनचा सर्वांत गरम ठरला. सकाळी सहाला आम्ही थील गावाजवळ केनेटच्या काठी उभे होतो. वहिनींनी अण्णांना पाण्यात पडल्यास आपोआप फुगणारे जाकीट घातलेले, आणि स्वतः थर्मास घेऊन मागे खुर्चीवर, “मी पुस्तक वाचणार आहे, माझ्याकडे बघू नका” असे सांगून बसलेल्या. पाणी साडेचार फूट, मध्ये पाणगवताचे लांब केस आणि दोन केसांच्या मधून वाहणारा स्वच्छ खडीचा पट्टा. मी पाच-चारचा स्टिक बांधला.

अर्धा तास काही नाही. वारा खालच्या अंगाला वाहत होता, प्रवाहाच्याच दिशेने. स्टिकला याहून वाईट वारा नाही, कारण तो दोरा फ्लोटच्या पुढे ढकलतो आणि आमिष फरफटते. उलटा, वरच्या अंगाला जाणारा वारा असता तर पाहायला नको. बारा फुटी काठीने दोरा पुरेसा उचलला जात नव्हता. अण्णांनी डाव्या अंगठ्याने चकती थांबवली आणि म्हणाले, “स्टिक काढ. तीन बी.बी.चा एव्हन लाव, वजन सगळं एकत्र.” बी.बी.ची गोळी चार नंबरच्या दुपटीची. जड फ्लोटला वारा कमी हलवतो आणि त्याला मागे धरता येते. हात दुखत होता का, मी विचारले नाही.

खरी अडचण काठीची नव्हतीच, दाण्याची होती. दर खेपेला फ्लोटच्या थोडे वर चिमूटभर अळ्या पाण्यात फेकाव्या लागतात. सतत, थोड्या थोड्या. त्याने मासे जमतात आणि टिकतात. डावा हात काठीत अडकलेला. मी फेकत होतो, पण माझ्या अळ्या कधी फ्लोटच्या पुढे, कधी मागे. अण्णा बघत होते. मग त्यांनी कमरेच्या पिशवीत उजवा हात घातला. बोटे मिटायला वेळ लागला. हात वर आला, उघडला, आणि अळ्या त्यांच्याच बुटांवर सांडल्या. पुन्हा. पुन्हा बुटांवर. वहिनींनी पुस्तकाचे पान बराच वेळ उलटले नव्हते. दहाव्या की बाराव्या खेपेला पाच-सहा अळ्या पाण्यापर्यंत गेल्या, काठापासून चार फुटांवर, हव्या तिथे नव्हेत. तेव्हा अण्णांनी फ्लोटच जवळ घेतला. “मी लांब फेकू शकत नाही ना? मग मासेच जवळ बोलवू,” म्हणाले, आणि काठालगतच्या अरुंद पट्ट्यात एव्हन सोडला.

साडेआठच्या सुमारास शेंडा तिरका होऊन पाण्यात गेला. डाव्या हाताने झटका दिला. काठी बुडख्यापर्यंत वाकली. हातजाळीत आला तो वीतभर डेस, चांदीचा. अण्णांनी मला तिथेच परीक्षेला बसवले: हा डेस की चबचे पोर? खालच्या मागच्या पराची कड आत वळलेली तर डेस, बाहेर फुगलेली तर चब. आत वळलेली होती. नंतर लाल डोळ्यांचे, तांबूस परांचे तीन रोच, चार-पाच डेस, आणि बोटभर गजन तर मोजलेच नाहीत. साडेदहाला अण्णांनी काठी मला दिली आणि खुर्चीवर बसले. वहिनींनी त्यांच्या उजव्या तळहातात चहाचा कप ठेवला आणि आपला हात खाली धरून ठेवला, पण कपाला लावला नाही.

पुढचे तीन दिवसही गेलो. चौथ्या दिवशी अळ्या सात फुटांवर पडत होत्या.

व्यायाम घेणाऱ्या बाईंना अण्णांनी जुलैत हे सांगितले. त्यांनी हिशेब केला: सकाळभरात दीडशे वेळा मूठ उघडणे, मिटणे आणि हात पुढे झुलवणे. त्यांनी दिलेली चेंडू दाबायची कसरत अण्णा दिवसाकाठी वीसदा करत, तीही कुरकुरत. तेव्हापासून ती वहीतून खोडली गेली.

गेल्या महिन्यात फोन आला. हिवाळ्यात पाणी चढले की एव्हन पुरत नाही, लोफर लागेल, तर डब्यातले दोन रंगवायला काढले आहेत म्हणाले. रंगवतो आहे उजव्या हाताने, रेघ वाकडी येते, माशांना चालते. तेरा फुटी काठी दुकानात अजून आहे का, ते विचारायला जाणार आहेत. मागून वहिनींचा आवाज आला, की फ्रीजमधला खालचा कप्पा कायमचा देऊन टाकला आहे, श्रीखंड आता वर असते.